सातवी फुंकर

१

ताईच्या नाकावर राग असायचाच. माणसं कामं धड करत नाहीत, मग आपणच शांत का राहायचं, असा तिचा सरळ सवाल. पाण्याचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप ती एकटीच्या बळावर चालवत होती आणि तिथे आलेलं गिऱ्हाईक आधी चार शब्द ऐकून घ्यायचं, मग पंप खाली उतरवायचं. धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर. त्याचा स्वभाव अगदी उलटा. चिडला की तोंड मिटून एका जागी बसायचा, लहानपणापासून. गल्ली त्याला आदराने डॉक्टर म्हणायची. ताई फक्त चिडल्यावर म्हणायची, म्हणजे बहुतेक वेळा.

ही दोघं भावंडं मिळून विमान बांधत होती. डॉक्टरच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे दोन माणसं बसतील एवढं विमानाचं धड उभं होतं, पंख भिंतीला टेकवलेले, शेपटी साखळीने जमिनीतल्या खांबाला बांधलेली. इंजिन रोटरी. साध्या इंजिनात दट्टे वरखाली हिसके मारत असतात. ह्यात दट्टे नाहीतच. एक जाड तिकोनी रोटर लांबट खोलीत भिंतीला टोकं घासत गरगरतो, त्याच्या मागे तसाच दुसरा. प्रत्येकाच्या तीन बाजू, आणि प्रत्येक बाजू हवा ओढते, दाबते, पेटवते, बाहेर टाकते. मोडायला फारसं काही नाही म्हणून ताईनेच हे इंजिन निवडलं होतं.

दोघांनी एक शिस्त ठरवली होती. एकट्याने इंजिन चालवायचं नाही. आणि चालवण्याआधी प्रत्येक खोलीचा एकेक प्लग काढायचा, ताईने पुढे उभं राहून हाताने प्रोपेलर फिरवायचा, डॉक्टरने सीटवर बसून मोठ्याने मोजायचं. रोटरची बाजू दाबाला आली की प्लगच्या भोकातून हवेची फुंकर सुटते. दोन रोटर, तीन-तीन बाजू, सहा फुंकरी. पाच आल्या तर रोटरच्या टोकाचं एखादं सील अडकलंय. सहा आल्या तर इंजिनाची तब्येत ठणठणीत.

त्या सकाळी ताईने पातं ओढलं आणि डॉक्टरने मोजलं. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा."

आणि मग अजून एक आली. जरा मऊ, जरा ओलसर.

"मोजलंस?" ताईने विचारलं.

"सहा."

"आणि नंतरची?"

"नंतरची कुठली?" डॉक्टर सीटवरून वाकून म्हणाला. "सहाच आल्या, ताई."

तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा सहा झाल्या, आणि पहिली परत यायच्या आत ती आलीच. डॉक्टर तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं.

२

सात ही गोष्ट शक्यच नव्हती, आणि शक्य नसलेल्या गोष्टीचा ताईला मनस्वी संताप यायचा. ती घाबरली नाही. घाबरायला तिला वेळ नव्हता. गिअरचे दाते किंचित सैल असतील, फिरताना सुस्कारत असतील, असं तिने धरलं. गिअरचं झाकण उघडलं. दाते चोख होते. मग वाटलं, धुराच्या नळकांड्यात हवा साठत असेल आणि उशिरा सुटत असेल. नळकांडं काढून बाजूला ठेवलं आणि फिरवलं. सात. पत्र्याला आवाज आपटून परत येत असेल म्हणून धड ढकलत शेडबाहेर उघड्यावर नेलं. तिथेही सात.

शेवटी रविवार सत्कारणी लावून तिने अख्खं इंजिन उघडलं. दोन रोटर. तिने प्रत्येकाच्या बाजूंवरून अंगठा फिरवला, अडाण्याला शिकवावं तसं स्वतःला मोठ्याने सांगत. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. सील नवीन, स्प्रिंगा नवीन, खोलीच्या भिंतीवर ओरखडा नाही. तिने सगळं पुसलं, तेल लावलं, बोल्ट नेमक्या ताकदीने आवळले.

डॉक्टर सीटवर बसला. तिने फिरवलं. सहा झाल्या आणि सातवी आली. ह्या वेळी ती इतरांइतकीच लांब होती.

"तुझे कान तपासून घे," डॉक्टर म्हणाला. "पंपांच्या आवाजात आयुष्य गेलंय तुझं."

"माझे कान नीट आहेत. तू तुझ्या दाढा बघ!" ताई म्हणाली आणि पाना बादलीत फेकला. पण घरी जाताना रस्ताभर ती तो आवाज मनात घोळवत राहिली. इंजिनाच्या फुंकरीला तेलाचा वास येतो. सातवीला वास नव्हता.

३

इंजिन चालवून त्याचं ट्यूनिंग करणं डॉक्टरचं काम. मांडीवर लॅपटॉप घेऊन तो सीटवर बसायचा आणि किती हवेला किती पेट्रोल जाऊ द्यायचं ते ठरवायचा. धुराच्या वाटेत एक काडी बसवलेली होती, ती पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय ते सांगायची. त्या आठवड्यात काडी एकच रडगाणं गात होती. कमी पडतंय. डॉक्टर पेट्रोल वाढवायचा, इंजिन अजून मागायचं. दिलं की आधीपेक्षा जोरात ओढायचं. साखळी ताठ व्हायची, खांब करकरायचा आणि सीटवर डॉक्टर लॉटरी लागल्यासारखा हसायचा.

"ह्या इंजिनात एवढा जोर नाही," ताई कानातले बोळे काढत म्हणाली.

"आहे म्हणजे आहे. दिसतोय ना?"

"कुठून आला? जास्त पेट्रोल जळायला जास्त हवा लागते. इंजिनाच्या तोंडातून जाते तेवढीच हवा जाते, तोंड मी स्वतः मोजून केलंय. मग वरची हवा येते कुठून?"

"तुला फुकटचा जोर मिळाला तरी त्रास."

तिने विचार केला. धुराच्या नळीला चीर असेल तर काडी फसते आणि उगाच कमी-कमी म्हणते. पण मग वाढवलेल्या पेट्रोलने इंजिन गुदमरलं असतं, प्लग काजळीने माखले असते. तिने प्लग काढले. बिस्किटाच्या रंगाचे निघाले, पुस्तकात दाखवतात तसे. इतके चांगले प्लग तिने जन्मात पाहिले नव्हते, आणि त्याचाही तिला राग आला.

४

भावजय वर्कशॉपवर फारशी यायची नाही. त्या दिवशी आली, आणि स्टुलावर न बसता पंपांच्या मधोमध उभी राहिली.

"ताई, एक विचारू? हसू नका. ह्यांचं घोरणं बंद झालंय."

"नवस फेड," ताई म्हणाली.

"मलाही आधी बरंच वाटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा शांत झोप लागली." पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "काल पहाटे मी त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. ताई, काहीच लागलं नाही. खूप वेळ धरलं हो. मग मी गदागदा हलवलं तेव्हा उठले, आणि माझ्यावरच खेकसले. तसेच उठून शेडमध्ये गेले. इंजिनाचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने छान हसत चहाला आले."

"काल पहाटे इंजिन चालवलं? एकट्याने?"

"रोजच चालवतात. तुम्हीच सांगितलंय म्हणाले."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाकाखालच्या बोटाचं तिने ऐकलं होतं, पण ते मागे राहिलं. पुढे एवढंच राहिलं की दोघांनी मिळून ठरवलेली एकच शिस्त ह्या माणसाने मोडली, रोज मोडली, आणि वर तिचं नाव सांगितलं. शटर अर्धं ओढून ती तशीच निघाली. भावजय मागून काहीतरी म्हणत होती, ते तिने ऐकलं नाही.

५

इंजिन चालूच होतं. रोटरीचा आवाज गोड नसतो, पत्रा फाडल्यासारखा कर्कश असतो. डॉक्टर सीटवर, सीटवरची काच मिटलेली. ताईने बाजूला उभं राहून मनगटावर मनगट आपटलं. बंद कर. त्याने तिला पाहिलं आणि मान हलवली. नाही.

ठीक आहे, ती म्हणाली, तू नाही तर मी. भिंतीपाशी प्लायची फळी होती. प्रोपेलरपासून अंग राखत ती इंजिनाच्या बाजूला गेली आणि हवा ओढायच्या तोंडावर तिने फळी दाबून धरली. हवा कोंडली की कुठलंही इंजिन मरतं. फळी घट्ट ओढली गेली, इंजिन अडखळलं. मग फळी सैल पडली. तिच्या हातात नुसती राहिली, त्या तोंडाला आता हवा नकोच असल्यासारखी. आणि इंजिन चालत राहिलं.

तिने फळी अजून दाबली. बोटं फिरवून कडा चाचपल्या. कुठेही फट नव्हती. तिने काचेतून आत पाहिलं. डॉक्टरने डोकं मागे टाकलं होतं आणि तोंड उघडलं होतं, आ करून, त्याच्या खुर्चीत पेशंट करतात तेवढं मोठं. गाल आत गेले होते. हसतोय, तिला वाटलं. माझी फजिती बघून नालायक हसतोय.

तिने फळी फेकून दिली तेव्हा त्याची मान सरळ झाली आणि त्याने इंजिन बंद केलं.

६

"विमान तपासायला सरकारी तपासनीस शुक्रवारी येणार," ताई ओरडत होती. शेडमध्ये धूर भरला होता आणि तिला खोकला येत होता, पण ती थांबायला तयार नव्हती. "त्याने सही केली की तू ह्याला पंख लावून मैदानावर नेणार. त्याच्यात बसून वर जाणार, आणि मी खाली मान वर करून बघत राहणार? हवा कोंडली तरी जे थांबत नाही ते इंजिन नाही. काय आहे मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझा भाऊ एकच आहे."

"वर गेलो की मोकळं वाटेल," डॉक्टर म्हणाला. तो सीटवरून उतरला नव्हता. "इथे बसलं की छाती भरून येते. बाहेर कुठेच येत नाही, ताई. दवाखान्यात तर मुळीच नाही. बंद ठेवलाय मी तो."

"कधीपासून?"

तो पेट्रोलच्या काट्याकडे बघू लागला.

तिला त्याच्या मुस्कटात मारावीशी वाटली. भीतीने दातखीळ बसलेल्या म्हाताऱ्यांना गोष्टी सांगत दाढ काढणारा हा माणूस, आणि दवाखाना बंद ठेवून पत्र्याच्या शेडमध्ये धूर खात बसलाय. तिने हातात फडकं धरलं, गरम प्लग काढले, दोन्ही खोल्यांचे एकेक, आणि फडक्यासकट खिशात घातले.

"आता चालव बघू."

डॉक्टरचा चेहरा बदलला. "ताई, प्लग ठेवून जा."

"नाही."

"पाया पडतो तुझ्या. प्लग ठेव."

त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तिने वळून पाहिलं. लहानपणी तिने त्याचा भोवरा जप्त केला की असाच आवाज काढायचा. चांगली अद्दल घडतेय, असं तिला वाटलं, आणि ती निघून गेली.

७

दुपारी भावजयीचा फोन आला. "जेवायला हाक मारली, ओ देत नाहीत. शेडमध्ये बसलेत. मी काचेवर टकटक केली, काच वर केली, तरी बघतही नाहीत."

"रुसलाय. रुसू दे," ताई म्हणाली. "येतेच मी. आज त्या इंजिनाचा तुकडा न् तुकडा करते."

ती आली ती मोठा पाना, गिअर खेचायचा पुलर आणि हातोडा घेऊनच. डॉक्टर सीटवर होता. काच वर केलेली, मान एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले, तोंड घट्ट. ताईने अवजारं जमिनीवर आपटली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. बायकोला खोटं सांगतोस. बहिणीचं नाव पुढे करतोस. लोकांच्या दाढा दुखतायत, त्यांनी कुणाच्या नावाने बोंबलायचं? शिकलास कशाला एवढं? बोलत-बोलतच ती प्रोपेलरपाशी गेली. पात्यावर काहीतरी चिकट होतं. तिने बोट लावून पाहिलं. रक्त, आणि सोललेल्या कातडीचा पातळ तुकडा.

तिने सीटकडे पाहिलं. डॉक्टरचे हात मांडीवर उताणे पडले होते. तळहातांवरचे फोड फुटले होते. दातांच्या डॉक्टरचे मऊ हात, त्यांनी कोण जाणे किती वेळ हे पातं ओढलं होतं.

"वेडा झालास का?" ती म्हणाली. "प्लग नसताना कशाला फिरवत बसलास?"

बोल्टांना पाना लागायला पातं आडवं करणं भाग होतं. तिने ते धरलं आणि ओढलं. सवयीने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

सातवीला डॉक्टरचं तोंड उघडलं आणि त्यातून फुंकर आली.

तोंड मिटलं. ताईचे हात पात्यावरच थांबले. शेडमध्ये काही आवाज नव्हता. त्याची छाती हलत नव्हती. ती बघत राहिली, कधीतरी हलेल म्हणून बघत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण आल्यापासून ही छाती हललीच नव्हती. एवढा वेळ ती ह्याला शिव्या घालत होती.

तिने पातं ओढलं. सहा फुंकरी इंजिनातून, सातवी त्याच्यातून. त्याचे डोळे उघडले.

अजून एक फेरा. "ताई," सातवी म्हणाली.

अजून एक. "प्लग."

ताईने भावजयीच्या नावाने किंकाळी फोडली. ती धावत आली, नवऱ्याचा रंग पाहिला आणि काही न विचारता सीटवर चढली. लग्नाआधी तिने परिचारिकेचं काम केलं होतं. तिने त्याचं नाक दाबलं, तोंडावर तोंड ठेवलं आणि जीव खाऊन हवा भरली. ताईने पातं सोडून एक हात इंजिनाच्या बाजूला टेकवला होता. प्लगच्या उघड्या भोकातून तिच्या मनगटावर ऊबदार हवा आली. त्या हवेला तेलाचा वास नव्हता. चहाचा होता.

भावजयीने पुन्हा फुंकलं. पुन्हा मनगटावर आली. डॉक्टरची छाती जागची हलली नाही.

"जात नाहीये," भावजय रडत म्हणाली. "मी देतेय, ताई, पण आत राहतच नाहीये."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "खाली उतर."

तिने खिशातून फडकं काढलं. पहिला प्लग आट्यात बसेना. तिने स्वतःला आईवरून शिवी दिली, तेव्हा बसला. दुसरा बसला. तारा लावल्या. मग सीटवर वाकून भावाच्या मांडीवरून तिने बटण दाबलं.

इंजिन पहिल्याच फटक्याला पेटलं. डॉक्टरची छाती एवढी मोठी वर आली की शर्टाचं बटण तुटलं. ताईने वेग कमी करून पाहिला. त्याचे ओठ निळे पडले. वाढवला, गालांवर रंग चढला. पुरता वाढवला तेव्हा साखळी ताठ झाली, खांब करकरला, आणि डॉक्टरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. नुसतं बरं वाटत होतं त्याला.

त्याच्यापुढच्या काट्यात टाकी पाव भरलेली दिसत होती. पुरत्या वेगात इंजिन किती पितं ते ताईला पाठ होतं. भावजयीला त्याच्यापाशी उभं करून तिने दोन रिकामे डबे उचलले आणि धावत सुटली.

८

पेट्रोलपंपावर रांग होती. ताई रांगेला न जुमानता थेट पुढे घुसली. लोक बोलले, तिने उलट बोलून त्यांना गप्प केलं. पंपावरचा माणूस तिच्या रक्त लागलेल्या हातांकडे बघत डबा भरू लागला. ह्या इंजिनाच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागायचं, ते शेडमध्ये होतं का संपलं होतं, तिला आठवेना.

आवाज इथपर्यंत येत होता. घरांवरून, पत्रा फाडल्यासारखा, एका सुरात. ती मान तिकडे करून उभी होती. तो सूर होता तोवर सगळं ठीक होतं. तिच्या मनात तो जाड तिकोनी गरगरत होता, आणि तिने स्वतः अंगठा फिरवून मोजलेल्या बाजू पुन्हा-पुन्हा समोर येत होत्या. एक, दोन, तीन. ह्यांच्यात जागा कुठे आहे? कुठे बसवलंय त्याला? तिला त्या इंजिनाला हातोड्याने ठेचायचं होतं. आयुष्यात कशाचा एवढा राग तिला आला नव्हता, आणि आयुष्यभर आता तिला त्याला पेट्रोल पाजायचं होतं.

"काय कटकट आहे," तिच्यामागचा स्कूटरवाला म्हणाला. "रोज पहाटे सुरू होतं, आज दुपारीही. कुणीतरी जाऊन एकदाचं बंद करायला पाहिजे."

ताई वळली. डबा खाली ठेवून तिने त्या अनोळखी माणसाची कॉलर दोन्ही मुठींत धरली आणि त्याला स्कूटरवरून अर्धं उचललं.

"अजून बोल," ती म्हणाली. "बोल ना. कोण बंद करतंय?"

माणूस गांगरून तिच्याकडे बघत राहिला. रांगेतलं कुणीच पुढे आलं नाही. आणि तेवढ्यात, सगळ्यांना ऐकू येईल असं, घरांपलीकडे इंजिन एकदा अडखळलं.